‘प्रतिसाद नाही’ असे लिहिण्यापूर्वी

अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या केसपेपरवर ‘प्रतिसाद नाही’ हे दोन शब्द उमटतात, तेव्हा ते लिहिणाऱ्याने रुग्णाला काहीतरी विचारलेले असते, उत्तराची थोडा वेळ वाट पाहिलेली असते, आणि ते उत्तर हाताच्या मुठीतून, पायाच्या हालचालीतून किंवा ओठांवरून येईल अशी अपेक्षा बाळगलेली असते. परंतु ज्या माणसाची मूठ, पाय आणि ओठ या तिन्हींवरील सत्ता एकाच क्षणी संपुष्टात आली आहे, आणि तरीही ज्याला प्रश्न ऐकू आला आहे, समजला आहे व ज्याने त्याचे उत्तरही मनात तयार ठेवले आहे, अशा माणसाच्या बाबतीत ते दोन शब्द लिहिणाऱ्याच्या दृष्टीने प्रामाणिक असूनही वस्तुतः खोटे ठरतात. त्याला पाहता येते. भोवतीची कुजबुज त्याच्या कानी पडते. सुई टोचली की बहुधा वेदनाही जाणवते. केवळ ‘मी येथे आहे’ एवढे कळवण्याचे साधन त्याच्यापाशी उरलेले नसते, आणि असलेच तर ते कोठे शोधावे हे आपल्याला ठाऊक नसते.

असा माणूस असू शकतो याची रीतसर नोंद वैद्यकशास्त्राच्या दप्तरी झाली ती १९६६ साली. फ्रेड प्लम आणि जेरोम पोस्नर या अमेरिकन मज्जाविकारतज्ज्ञांनी बेशुद्धीच्या निदानावरील आपल्या ग्रंथात या अवस्थेला ‘लॉक्ड-इन सिंड्रोम’ असे नाव दिले. मराठीत तिला बंदिस्तावस्था म्हणावे, म्हणजे बाहेरून कडी घातलेल्या खोलीत कोणीतरी जागे बसले आहे हे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. मात्र नाव मिळण्यापूर्वी सुमारे एकशेवीस वर्षे कादंबरीकाराला हा माणूस दिसलेला होता. अलेक्झांडर द्यूमा याच्या १८४४ ते १८४६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ या कादंबरीत न्वार्तिए नावाचा पक्षाघाताने खिळलेला वृद्ध आहे. डोळे मिटले म्हणजे ‘होय’, अनेकदा उघडझाप केली म्हणजे ‘नाही’, आणि दृष्टी वर नेली म्हणजे ‘मला काही हवे आहे’, असा त्याचा संकेत ठरलेला असून त्याची नात मुळाक्षरे म्हणत म्हणत आणि शब्दकोशावरून बोट फिरवीत त्याच्या मनातला शब्द हुडकून काढते. त्या वृद्धाचे बोलणे समजते ते त्याच्या नातीला, आणि का, तर ती त्याच्याशी बोलत राहिलेली आहे. या एका गोष्टीकडे वाचकाने लक्ष द्यावे, कारण पुढे आकड्यांच्या रूपाने ती पुन्हा भेटणार आहे.

ही अवस्था ओढवते कशी, हे समजण्यासाठी मेंदूच्या तळाशी जावे लागते. मोठा मेंदू आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू यांना जोडणारा जो मेंदूचा देठ, त्याच्या मधल्या फुगीर भागाला पॉन्स म्हणतात. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ पूल. जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या या पुलावरून, त्याच्या पुढच्या बाजूने, हातापायांना आणि चेहरा, जीभ व घसा यांना हालचालीचे हुकूम पोहोचवणारे मज्जातंतूंचे जुडगे खाली उतरतात, तर मागच्या बाजूला, थोड्याशाच अंतरावर, आपल्याला जागे ठेवणारी तंतूंची जाळी पसरलेली असते. पुलाला रक्त पुरवणारी बेसिलर धमनी तीन-चार मिलिमीटर व्यासाची. तिच्यात गुठळी अडकून पुढचा भाग मृत झाला आणि मागचा शाबूत राहिला, तर हुकूम देणारा जागा राहतो, हुकूम घेणारे स्नायूही धडधाकट राहतात, आणि मधला रस्ता तेवढा नाहीसा होतो. रस्ता नाहीसा करणारी कारणे आणखीही आहेत: डोक्याला मार, पॉन्समधील रक्तस्राव किंवा गाठ, आणि रक्तातील फार खालावलेले सोडियम अतिवेगाने वर आणल्यामुळे तंतूंवरील वेष्टणाची होणारी हानी. गिलां-बारे या मज्जारोगाच्या तीव्र स्वरूपात आणि ‘एएलएस’ या स्नायूंना निकामी करीत जाणाऱ्या व्याधीच्या शेवटच्या टप्प्यातही माणूस याच मुक्कामाला येतो. फरक एवढाच की तेथे पूल शाबूत असतो आणि बिघाड त्याच्या अलीकडे वा पलीकडे असतो.

परंतु या सर्वनाशातून एक गोष्ट बहुधा वाचते. डोळे डावी-उजवीकडे वळवणारी केंद्रे पॉन्समध्ये असल्यामुळे ती हालचाल जाते. डोळे वर-खाली करणारी आणि वरची पापणी उचलणारी केंद्रे त्याच्या वर, मध्यमस्तिष्कात असल्यामुळे ती हालचाल राहते. पापणी घट्ट मिटणे हे चेहऱ्याच्या मज्जातंतूचे काम असते आणि तो तंतू पॉन्समधून निघतो. म्हणून अशा रुग्णाचे डोळे मिचकावणे हे आपल्या मिचकावण्यासारखे नसते. तो पापणी उचलून धरण्याचा प्रयत्न सोडतो आणि पापणी आपल्या वजनाने खाली येते. पुन्हा प्रयत्न करतो आणि ती वर जाते. जवळ बसून पाहणाऱ्याला हे मंद, जडसे मिटणे झोपेच्या गुंगीसारखे भासते, आणि येथेच अनेकांची फसगत होते. सगळ्या निदानाचा आरंभ ज्या परीक्षेने व्हावयाचा, ती परीक्षा फुकटची आणि अर्ध्या मिनिटाची आहे: रुग्णाच्या तोंडासमोर यावे, त्याला नावाने हाक मारावी, आणि ‘वर बघा’, मग ‘खाली बघा’, असे स्पष्ट आवाजात सांगून पुरेसा वेळ थांबावे. ‘हात दाबा’ हा हुकूम या माणसाला दिला तर तो पाळणे त्याच्या हाती नाही. ‘वर बघा’ हा पाळणे आहे.

ही परीक्षा इतकी सोपी असूनही ती वेळेवर होत नाही, याचा दाखला २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सापडतो. बंदिस्तावस्थेतील ४४ रुग्णांची ती पाहणी होती. त्यात निदान होण्यास सरासरी अडीच महिने लागल्याचे आढळले, आणि रुग्ण शुद्धीवर आहे हे सर्वांत आधी ओळखणारी व्यक्ती निम्म्याहून अधिक प्रकरणांत, म्हणजे शेकडा ५५ रुग्णांच्या बाबतीत, घरातली होती. डॉक्टरांच्या वाट्याला हे श्रेय शेकडा २३ प्रकरणांत आले. यात डॉक्टरांवर ठपका ठेवण्याचा माझा हेतू नाही, कारण सकाळच्या फेरीत दहा-पंधरा खाटा पाहणाऱ्या माणसाला एका खाटेपाशी जी दोन मिनिटे मिळतात त्यांत रुग्ण नेमका झोपेत, तापात किंवा औषधांच्या अंमलाखाली असू शकतो. पण दिवसभर उशाशी बसून ‘आई, ऐकू येतंय ना? मग वर बघ,’ असे जी मुलगी पुन्हा पुन्हा म्हणते, तिला ते डोळे एकदा ठरवून वर गेलेले दिसतात, आणि तिने ते सांगितल्यावर ‘तुम्हाला तसा भास झाला असेल’ हे उत्तर देण्याचा अधिकार, माझ्या मते, ज्याने स्वतः तेवढा वेळ बसून पाहिले नाही अशा कोणालाही नाही. नातेवाइकांच्या सांगण्याची नोंद केसपेपरवर वेळेसह व्हावी आणि ती पडताळून पाहिली जावी, ही अपेक्षा फार मोठी नव्हे.

फ्रान्समधील ‘एल’ या नियतकालिकाचा संपादक ज्याँ-दोमिनिक बोबी याला ८ डिसेंबर १९९५ रोजी, वयाच्या ४३व्या वर्षी, मेंदूच्या देठातील झटक्याने गाठले. सुमारे तीन आठवड्यांच्या बेशुद्धीनंतर तो जागा झाला तेव्हा डावी पापणी तेवढी त्याच्या ताब्यात होती. उजवा डोळा कोरडा पडून बिघडू नये म्हणून शिवून टाकावा लागला. बेर्क येथील समुद्रकाठच्या रुग्णालयात क्लोद मँदिबिल ही लेखनिका त्याच्यासमोर फ्रेंच मुळाक्षरे म्हणे, आणि हव्या त्या अक्षराला तो पापणी मिटे. मुळाक्षरांचा क्रम नेहमीचा न ठेवता, भाषेत जे अक्षर अधिक येते ते आधी, असा ठेवलेला होता. अशा रीतीने सांगितलेले त्याचे पुस्तक मार्च १९९७ मध्ये बाहेर पडले आणि अवघ्या काही दिवसांत तो वारला. जाण्यापूर्वी आपल्यासारख्या रुग्णांसाठी त्याने एक संस्था काढली होती. तिच्या सदस्यांना पुढे प्रश्नावली पाठवण्यात आली, तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले, आणि ज्यांची उत्तरे ग्राह्य धरली गेली त्या ६५ जणांपैकी ४७ जणांनी आपण सुखी असल्याचे कळवले. १८ जणांनी सुखी नसल्याचे कळवले, आणि त्यांचे म्हणणेही तितकेच ऐकले पाहिजे. ‘असे जगण्यात काय अर्थ’ हा फैसला धडधाकट माणूस खाटेच्या पायथ्याशी उभा राहून परस्पर देऊन टाकतो. निदान ज्याचा तो प्रश्न आहे त्याची जबानी आधी घ्यावी, आणि ती घ्यावयाची तर तो ऐकतो आहे हे आधी शाबीत व्हावे लागते.

डोळ्यांची साक्ष जेथे स्पष्ट मिळत नाही, तेथे यंत्रांकडे वळावे लागते. त्यातले सर्वांत जुने आणि आजही सर्वांत सुलभ म्हणजे ईईजी. जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बेर्गर याने १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून मेंदूची विद्युत-कंपने प्रथम टिपली, आणि पाच वर्षे पुन्हा पुन्हा खात्री करून घेऊन १९२९ साली ती प्रसिद्ध केली. तरीही शास्त्रज्ञांचा त्यावर विश्वास बसला तो १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून दाखवल्यावर. आजही परीक्षा त्याच तत्त्वावर होते. तंत्रज्ञ मोजपट्टीने डोके मोजतो, नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. पेन्सिलीने खुणा करतो. त्या जागची त्वचा घासून पांढरा लेप लावतो आणि त्यात चकत्या बसवतो. मेंदूपासून येथवर पोहोचणारा विद्युतदाब मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दशलक्षांश भागांत मोजावा लागतो, आणि दात चावले किंवा कपाळाला आठी पडली तरी सगळी रेघ विस्कटून जाते. मग सूचना येते: डोळे मिटा. जाग्या, स्वस्थ माणसाने डोळे मिटताच डोक्याच्या मागच्या भागावर सेकंदाला ८ ते १३ आंदोलनांची एक सुबक लाट सुरू होते, तिला अल्फा लय म्हणतात. डोळे उघडताच ती विरते.

बंदिस्तावस्थेच्या निदानात या उघडझापीला जे महत्त्व आहे ते सामान्य वाचकाने नीट समजून घेण्यासारखे आहे. खोल बेशुद्धीत मेंदूच्या लाटा बहुधा मंद, लांबट आणि विस्कळीत होतात. उलट ज्याचा पॉन्सचा पुढचा भाग तेवढा गेला आहे आणि वरचा मेंदू शाबूत आहे, त्याचा आलेख पुष्कळदा तुमच्या-माझ्या आलेखासारखाच निघतो. हात-पाय-चेहरा निश्चल, आणि कागदावर मात्र जाग्या माणसाची लय, हा विरोध डोळ्यांत भरला की तज्ज्ञाने सावध व्हावे. परंतु अल्फा लय दिसली म्हणजे शुद्ध आहेच, असाही कौल देता येत नाही. एका प्रकारच्या बेशुद्धीतही अल्फासारखी लाट दिसते, पण ती डोक्यावर सर्वत्र पसरलेली, एकसुरी आणि अविचल असते. डोळे उघडल्याने, हाकेने, चिमट्याने तिच्यात काहीच बदल होत नाही. म्हणून पापण्या हाताने मिटवून आणि उघडून, टाळी वाजवून, नावाने हाक मारून लय बदलते की नाही हे पाहावे लागते. लाटेच्या रूपापेक्षा तिचे उत्तर देणे निर्णायक ठरते. म्हणजे यंत्र लावले तरी शेवटी प्रश्न विचारावाच लागतो.

ईईजीच्या जोडीला दुसरी एक परीक्षा असते, ती रस्त्यांची. मनगटावरील मज्जातंतूला विजेचा हलका धक्का दिला, तर त्याची वर्दी सुमारे २० मिलिसेकंदांत मेंदूच्या पृष्ठभागी पोहोचते आणि तेथे एक लहानसा उंचवटा नोंदला जातो. कानात टकटक आवाज केला, तर मेंदूच्या देठातील एकेका टप्प्यावरून जाताना त्याच्या लाटा पहिल्या दहा मिलिसेकंदांच्या आतच उमटतात. या झाल्या वर जाणाऱ्या वाटा. खाली येणारी वाट तपासण्याची सोय फार उशिरा झाली: १९८५ साली शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर धरलेल्या वेटोळ्यातून चुंबकीय स्पंद सोडून, कवटी न उघडता व फारशी वेदना न देता, मेंदूकडून हाताचा स्नायू हलवून दाखवला. आता या साक्षी एकत्र मांडून पाहाव्यात. मनगटापासून मेंदूपर्यंत वर्दी पोहोचते आहे. मेंदूवर चुंबकाचा स्पंद दिला तर हाताचा स्नायू ढिम्म आहे, किंवा फार उशिरा आणि क्षीणपणे हलतो. आणि हाताच्या मज्जातंतूला थेट धक्का दिला तर तोच स्नायू टुणकन उडतो. म्हणजे वरचा मुलूख जागा, खालचा मुलूख धडधाकट, आणि नाका अडलेला आहे तो मध्ये कोठेतरी. एमआरआयचे चित्र मग पॉन्सच्या पुढच्या भागावरचा डाग दाखवून या जाबजबाबांवर शिक्कामोर्तब करते.

स्नायूंच्या आलेखाला, म्हणजे ईएमजीला, या प्रकरणात दुहेरी काम आहे. पहिले काम बिघाडाचे स्थळ मुक्रर करण्याचे. बारीक सुई स्नायूत घातली की तिच्यातील विद्युत-हालचाल पडद्यावर रेघेच्या आणि ध्वनिवर्धकातून आवाजाच्या रूपाने प्रकट होते. निवांत, निरोगी स्नायू मौन असतो, आणि माणसाने तो आवळला की फोडणीतली मोहरी तडतडावी तसा आवाज येऊ लागतो. गिलां-बारेमध्ये मज्जातंतूंतून जाणारा संदेश मंदावतो किंवा वाटेत अडतो. एएलएसमध्ये पोरक्या झालेल्या स्नायूत निवांतपणीही आपोआप चळवळ चाललेली सापडते. आणि मज्जातंतू व स्नायू यांच्या सांध्यातच बिघाड असेल, तर एकामागून एक धक्के दिल्यावर स्नायूचा प्रतिसाद पायरीपायरीने घटत जातो.

हा शेवटचा प्रकार आपल्या घरचा आहे. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची वेदना जवळजवळ नसते आणि खूणही पुष्कळदा सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि काही तासांत श्वासाचे स्नायूही थांबतात, कारण तिचे विष मज्जातंतूंच्या टोकाशी, नेमके त्या सांध्यावर, काम करते. वेळेवर कृत्रिम श्वास मिळालेला असा रुग्ण खाटेवर पडलेला असतो तेव्हा त्याचे डोळेही हलत नाहीत, बाहुल्या विस्फारून प्रकाशाला दाद देत नाहीत, आणि मेंदूच्या देठाच्या सगळ्या प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशा झाल्यासारख्या दिसतात. मस्तिष्कस्तंभ-मृत्यूचे, म्हणजे मेंदूचा देठ कायमचा निकामी झाल्याचे, चित्र हुबेहूब उभे राहते, आणि आत माणूस जागा असू शकतो. बंदिस्तावस्थेत निदान डोळ्यांची खिडकी उघडी असते. येथे तीही बंद. अशा रुग्णांचे ईईजी काढले असता जाग्या मेंदूची लय मिळाल्याची उदाहरणे भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत नमूद आहेत, आणि श्वासयंत्राचा आधार व धीर या दोहोंच्या बळावर असे रुग्ण काही दिवसांत उठून चालत घरी गेलेले आहेत. अवयवदानासंबंधीच्या १९९४च्या भारतीय कायद्याने मस्तिष्कस्तंभ-मृत्यूची तपासणी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करण्याचे बंधन घातले आहे आणि ते योग्यच आहे. पण ती तपासणी हाती घेण्यापूर्वी विष, गुंगीची औषधे आणि फार उतरलेले तापमान ही कारणे दूर झाली आहेत ना, याची खातरजमा करण्याची जी वैद्यकीय शिस्त आहे, तिचे मोल खेड्यापाड्यांतून रुग्ण येणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने जाणले पाहिजे. महाडसारख्या गावात राहून विंचूदंश आणि सर्पदंश यांच्या उपचारांत आयुष्य वेचणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांमुळे ग्रामीण भागातील या प्रश्नाकडे जगाचे लक्ष गेले. जमिनीवर झोपलेला आणि पहाटे डोळे उघडता न येणारा माणूस दवाखान्यात आला की मण्यारीची शंका आधी घ्यावी, हे कोकणातल्या आणि देशावरच्या प्रत्येक तालुक्यात माहीत असावयास हवे.

ईएमजीचे दुसरे काम अधिक नाजूक आहे, आणि मला ते अधिक मोलाचे वाटते. डोळ्यांनी दिसेल एवढी हालचाल होण्याइतका जोर स्नायूत नसला, तरी हुकमाचा एखादा तंतुमात्र अंश तेथवर झिरपत असू शकतो. त्वचेवर चकत्या लावून रुग्णाला सांगावयाचे, ‘उजवा हात हलवा’. मग ‘आता काही करू नका’. मग ‘डावा पाय हलवा’. आणि हे चक्र अनेकदा फिरवावयाचे. उजव्या हाताच्या हुकमानंतर उजव्या हाताच्याच आलेखात वाढ होते, विसाव्याच्या वेळी होत नाही, पायाच्या हुकमाला होत नाही, आणि हे योगायोगाने घडण्याची शक्यता हिशेबाने फेटाळता येते, एवढे झाले की हात जागचा तसूभरही हलला नसताना त्या हाताने होकार दिला असे म्हणता येते. प्रतिसादहीन समजल्या गेलेल्या काही रुग्णांत अशी अदृश्य स्नायुचेष्टा मिळाल्याचे २००८ सालीच नोंदले गेले आहे.

स्नायूपर्यंत काहीच पोहोचत नसेल, तर प्रश्न थेट मेंदूला विचारावा लागतो. ऑस्ट्रियातील वैद्य बाउअर आणि त्याचे सहकारी यांनी १९७९ साली बंदिस्तावस्थेचे तीन प्रकार पाडले: थोडीफार हालचाल उरलेला अपूर्ण, डोळ्यांपुरती उरलेला अभिजात, आणि डोळेही गेलेला संपूर्ण. या तिसऱ्यासाठी खाटेजवळची कोणतीच परीक्षा पुरी पडत नाही. २००६ साली केंब्रिज येथे एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी, अपघातानंतर पाच महिने व्हेजिटेटिव्ह अवस्थेत, म्हणजे डोळे उघडे पण जाणीव नाही अशा अवस्थेत मानल्या गेलेल्या २३ वर्षांच्या एका तरुणीला एफएमआरआय या, मेंदूचा कोणता भाग कामाला लागला आहे हे दाखवणाऱ्या यंत्रात ठेवून सांगितले, ‘टेनिस खेळत असल्याची कल्पना करा’, आणि नंतर, ‘आपल्या घरातून खोल्याखोल्यांतून फिरत असल्याची कल्पना करा’. पहिल्या सूचनेला मेंदूतील हालचालीची आखणी करणारा भाग आणि दुसरीला जागांची ओळख ठेवणारा भाग, निरोगी माणसात उजळावेत तसेच उजळले. चार वर्षांनी ५४ रुग्णांची अशी परीक्षा झाली, त्यांतल्या पाच जणांना आपला मेंदू हुकमाप्रमाणे चालवता आला, आणि एकाने तर टेनिस म्हणजे ‘होय’ व घर म्हणजे ‘नाही’ असा संकेत वापरून आपल्या घरच्या माहितीविषयीच्या प्रश्नांना उत्तरे दिली. हे रुग्ण पॉन्समुळे बंदिस्त झालेले नव्हते, त्यांची मेंदूची इजा वेगळी आणि अधिक व्यापक होती. पण जाणीव आत आणि वाचा बंद, हे दुःख तेच.

ज्याला भाषा समजत नाही किंवा सूचनेवर मन एकाग्र करता येत नाही अशाचे काय? इटलीत मिलान येथील संशोधकांनी त्यासाठी प्रश्नच न विचारण्याची युक्ती काढली. बाजारात माठ घेताना आपण त्यावर टिचकी मारतो आणि नादावरून तो अखंड आहे की तडकलेला, हे ओळखतो. त्याप्रमाणे मेंदूवर चुंबकीय स्पंदाची टिचकी मारून त्याचे पडसाद ईईजीवर किती दूर आणि किती विविध रूपांनी पसरतात हे ते मोजतात. गाढ झोपेत आणि भूल दिलेल्या अवस्थेत पडसाद एकसुरी राहून जागच्या जागी विरतात. जाग्या माणसात, आणि बंदिस्तावस्थेतील माणसातही, ते गुंतागुंतीचे होऊन लांबवर जातात.

या यंत्रांवर मात्र एका बाबतीत विसंबून चालणार नाही, आणि ती बाब या सबंध लेखाचे प्रयोजन आहे. २०२४ साली सहा केंद्रांतील रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सांगितलेले काही करू न शकणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांचा मेंदू एफएमआरआय किंवा ईईजीवर हुकूम पाळताना आढळला. ही बातमी जगभर गाजली. परंतु त्याच अभ्यासात आणखी ११२ रुग्ण असे होते की जे खाटेवर डॉक्टरांदेखत हुकूम पाळत होते, ज्यांच्या जाणिवेविषयी कोणालाही शंका नव्हती, आणि त्यांच्यापैकी केवळ ४३ जणांची जाणीव यंत्राला दिसली. उरलेले ६९ जण जागे होते, आणि यंत्राची नोंद मात्र कोरी निघाली. रुग्ण थकलेला असेल, त्याला झोप लागली असेल, सूचना कंटाळवाणी वाटली असेल, त्याला ऐकू कमी येत असेल किंवा ती भाषाच त्याची नसेल. होकार मिळाला तर तो पुरावा आहे. न मिळाला तर तो नकाराचा पुरावा नाही. म्हणून परीक्षा एकदा करून फाईल बंद करू नये. दिवसाच्या निरनिराळ्या वेळी, रुग्ण ताजातवाना असताना, त्याच्या मातृभाषेत, शक्य तर त्याच्या ओळखीच्या आवाजात ती पुन्हा पुन्हा करावी, आणि दरम्यान तो ऐकतो आहे असे धरूनच त्याच्या उशाशी बोलावे, वेदनाशामक द्यावे आणि सुई टोचण्यापूर्वी त्याला तसे सांगावे.

जाणीव सापडली की दुसऱ्याच दिवसापासून बोलण्याची तजवीज करावी लागते. मेंदूच्या लाटांवर चालणारे लेखनयंत्र १९८८ पासून प्रयोगशाळांत आहे, नजरेचा मागोवा घेणारे संगणक बाजारात आहेत, आणि २०२२ साली तर डोळेही गमावलेल्या एएलएसच्या एका रुग्णाने मेंदूत बसवलेल्या सूक्ष्म तारांच्या साहाय्याने मिनिटाला सुमारे एक अक्षर या गतीने वाक्ये जुळवल्याचे प्रसिद्ध झाले आहे. पण जिल्ह्याच्या ठिकाणी, एका खाटेपाशी, उद्या सकाळी काय करावयाचे? फ्रेंचांना अक्षरांची वारंवारता मोजून क्रम लावावा लागला. आपली वर्णमाला मुळातच रांगांत बसवलेली आहे, आणि ती पाच वर्गांत लहानपणीच आपल्याला पाठ झालेली असते. पुठ्ठ्यावर क, च, ट, त, प हे पाच वर्ग एकाखाली एक लिहावेत, खाली य पासून ळ पर्यंतची ओळ आणि स्वर, आणि बाजूला नुसते अक्षर, काना, पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी अशी चिन्हे. समोर बसणाऱ्याने आधी वर्गांची नावे घ्यावीत, हवा तो वर्ग आला की रुग्णाने वर पाहावे, मग त्या वर्गातली अक्षरे, पुन्हा वर पाहावे, मग चिन्हे.

क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग. डोळे वर गेले. प, डोळे वर गेले. नुसते, काना, डोळे वर. पुन्हा क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, डोळे वर. ट, ठ, ड, ढ, ण, डोळे वर. नुसते, काना, पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी; डोळे वर. समोरच्या माणसाने वीस वेळा तोंड उघडले, खाटेवरच्या माणसाने सहा वेळा वर पाहिले, आणि कित्येक आठवड्यांनंतर त्याने आपल्या तोंडचा पहिला शब्द उच्चारला: पाणी.